फुटबॉल क्लबांचा जमाखर्च

वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठावर अलीकडे अधूनमधून एक चमत्कारिक बातमी वाचावयास मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्यें इंग्लंडांतील एव्हर्टन ह्या जुन्या व नामांकित फुटबॉल क्लबाचे १० गुण कापण्यांत आले. मैदानावरील कोणत्याहि आगळिकीबद्दल ही शिक्षा नव्हती. तीन वर्षांच्या एकत्र हिशेबांत क्लबाचा तोटा १० कोटी ५० लाख पौंडांच्या पुढें जाऊं नये, असा तेथील प्रीमियर लीगचा नियम होता. एव्हर्टनचा तोटा सुमारें १२ कोटी ४५ लाख पौंडांवर गेल्याचें ठरलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें अपिलांत ही शिक्षा ६ गुणांवर आली. परंतु पुढच्या हिशेबाबद्दल एप्रिलमध्यें आणखी २ गुण गेलेच. नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्या दुसऱ्या क्लबाचेहि ४ गुण त्याच वर्षीं मार्चमध्यें अशाच कारणानें कापले गेले.

ही बातमी वाचून जळगांवच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थास प्रश्न पडेल कीं, क्लब धनिकाच्या मालकीचा, पैसा त्याचा, तोटाहि त्यानेंच सोसावयाचा. मग त्यानें किती खर्च करावा हें सांगणारे दुसरे कोण? कापसाचा व्यापारी तेजीच्या आशेनें माल भरून ठेवतो आणि मंदींत सांपडतो, तेव्हां त्याच्या दुकानास कोणी दंड करीत नाहीं. प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर मिळविण्याकरितां फुटबॉलचा क्लब हा धंदा म्हणून कसा चालतो, त्यांत पैसा कोठून येतो व कोठें जातो, आणि तो आटला म्हणजे झळ कोणास लागते, हें क्रमानें पाहिलें पाहिजे. त्यानंतर आपल्या महाराष्ट्रांतील व गोव्यांतील क्लबांकडे वळूं. कारण युरोपांत तयार झालेलें हें औषध आपल्याकडील रोगास कितपत लागू पडतें, हाच आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न आहे.

व्यावसायिक क्लबाचें उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनीं येतें. सामन्याच्या तिकिटांचा पैसा ही सर्वांत जुनी वाट. दुसरी वाट म्हणजे सामने दूरचित्रवाणीवर, व आतां मोबाइलवरहि, दाखविण्याच्या हक्कांची किंमत. हे हक्क बहुधा सबंध लीग एकत्र विकते आणि आलेली रक्कम क्लबांत वांटून देते. तिसरी वाट जाहिरातीची. खेळाडूंच्या सदऱ्यांवर व मैदानाच्या कडेच्या फलकांवर नांव झळकविण्यासाठीं व्यापारी मंडळी पैसे मोजतात. यांखेरीज, घडविलेला खेळाडू दुसऱ्या क्लबाकडे जातांना जी रक्कम मिळते, तीहि जमेंत धरावी. खर्चाच्या बाजूस सर्वांत मोठा आंकडा खेळाडूंच्या वेतनाचा, आणि त्याच्या खालोखाल नवे खेळाडू विकत घेण्याचा.

ह्या शेवटच्या खर्चाची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. समजा, एखाद्या क्लबानें १०० कोटी रुपये मोजून एक खेळाडू ५ वर्षांच्या करारावर घेतला. वहींत हा खर्च एकदम न लिहितां दरवर्षीं २० कोटी असा लिहितात. जिनिंगच्या यंत्राची किंमत जशी घसाऱ्याच्या रूपानें वर्षावर्षाला थोडी थोडी खर्चीं पडते, तसाच हा हिशेब होय. परंतु त्यांत एक मेख आहे. असे पांच खेळाडू एकाच वर्षीं घेतले तरी त्या वर्षाच्या वहींत १०० कोटीच दिसतात; उरलेल्या ४०० कोटींचा भार पुढील चार वर्षांवर जाऊन बसतो. करार आठ वर्षांचा केला, तर दरवर्षींचा आंकडा आणखीच लहान दिसूं लागतो. ही पळवाट लक्षांत आल्यावर युरोपांतील फुटबॉलची मध्यवर्ती संस्था यूएफा हिनें २०२३ सालीं ठरविलें कीं, असा खर्च जास्तींत जास्त पांच वर्षांवरच पसरतां येईल.

आतां क्लब ऐपतीबाहेर खर्च कां करतात तें पाहूं. सारंगखेड्याच्या यात्रेंत उमद्या घोड्यावर दोन हौशी गिऱ्हाइकांची नजर पडली, म्हणजे त्याची किंमत त्याच्या चालीवर ठरत नाहीं. दुसऱ्याची थैली किती मोठी आहे, ह्यावर ठरते. खेळाडूंच्या बाजारांत हेंच घडतें. तशांत लीगमधील स्थान हें सापेक्ष असतें. वीस क्लबांनीं आपला खर्च दुप्पट केला, तरी पहिला एकच येणार आणि खालच्या तिघांना खालच्या श्रेणींत जावें लागणार. गिरणीनें नवीं यंत्रें घेतलीं तर सूत अधिक निघतें. परंतु सर्व क्लबांनीं महाग खेळाडू घेतल्यानें विजयांची एकूण संख्या एकानेंहि वाढत नाहीं. शिवाय खालच्या श्रेणींत उतरलें कीं प्रक्षेपणाचा मोठा वांटा हातचा जातो. ही भीति इतकी असते कीं, चालकांना आजचें कर्ज हें उद्यांच्या नुकसानापेक्षां स्वस्त वाटूं लागतें. सर्वच असें करूं लागले म्हणजे जपून वागणारा मागें पडतो. म्हणून एकट्या क्लबाच्या शहाणपणानें हा प्रश्न सुटत नाहीं. सर्वांना सारखा बांधणारा नियम लागतो.

परंतु नियमाचें खरें कारण ह्याहूनहि निराळें आहे. क्लब बुडाला म्हणजे बुडविणाराच केवळ बुडत नाहीं. पोर्टस्मथ हा क्लब २००८ सालीं इंग्लंडची एफ. ए. कप ही मानाची स्पर्धा जिंकला आणि दोनच वर्षांनीं, फेब्रुवारी २०१० मध्यें, देणीं न भागल्यानें त्याचा कारभार प्रशासकाच्या हातीं गेला. त्याचे ९ गुण कापले गेले आणि तो वरच्या श्रेणींतून गळाला. बरी हा क्लब १८८५ सालचा. आपलें आर्थिक बळ तो सिद्ध करूं न शकल्यानें ऑगस्ट २०१९ मध्यें त्यास इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यांत आलें. अशा वेळीं कोणाचे पैसे आधीं फेडावयाचे, ह्याविषयीं इंग्लंडमध्यें एक रूढ नियम आहे: खेळाडूंचें वेतन व दुसऱ्या क्लबांचें देणें पुरतें चुकतें झालें पाहिजे. सरकारी करखात्यानें ह्या नियमास न्यायालयांत आव्हान दिलें, परंतु २०१२ सालीं तें फेटाळलें गेलें. ह्याचा अर्थ असा कीं, लक्षावधि पौंड मिळविणारा खेळाडू पूर्ण रक्कम घेऊन जातो. आणि छापखानेवाला, धोबी, भाड्यानें मोटारी देणारा, सरकारी तिजोरी ह्यांच्या पदरीं उरल्यासुरल्यांतला तुटपुंजा हिस्सा पडतो.

खानदेशांतील घरांना हें दुःख परकें नाहीं. ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत जळगांव जिल्ह्यांतील व भोंवतालच्या भागांतील अनेक पतसंस्था अडचणींत आल्या, आणि निवृत्तिवेतनाचे, लेकीच्या लग्नाचे, शेत विकून आलेले पैसे ठेवीदारांना वर्षानुवर्षें परत मिळेनात. कर्जें कोणास द्यावीं हें ठेवीदारांनीं ठरविलें नव्हतें. परंतु तोटा त्यांच्या वांट्याला आला. पेढीच्या हिशेबाची तपासणी बाहेरच्या माणसानें कां करावी, हा प्रश्न त्यानंतर आपल्याकडे कोणी विचारीत नाहीं. फुटबॉल क्लबांवरील नियमांचें मूळहि येथेंच आहे. निर्णय एकाचा आणि झळ दुसऱ्यास, अशी जेथें स्थिति असते, तेथें त्या दुसऱ्याच्या वतीनें कोणी तरी वही पाहावी लागते.

युरोपांत हें काम निरनिराळ्या रीतींनीं केलें जातें. यूएफानें २००९ सालीं ह्या नियमांचें तत्त्व मान्य केलें आणि पुढील काहीं वर्षांत तें अंमलांत आणलें. प्रारंभींचा नियम जमाखर्चाच्या तोंडमिळवणीचा होता: फुटबॉलपासून जेवढें मिळतें, साधारण तेवढेंच खर्च करा. आजच्या नियमांत तीन गोष्टी आहेत. पहिली, दुसरे क्लब, खेळाडू, नोकर व करखातें ह्यांचें देणें मुदतीबाहेर थकूं देऊं नये. दुसरी, तीन वर्षांतील तोटा ६ कोटी युरोच्या आंत असावा व तोहि मालकानें भांडवल घालून भरून काढावा. ज्यांची आर्थिक स्थिति निकोप आहे, त्यांना थोडी अधिक सवलत. तिसरी, खेळाडू व शिक्षक ह्यांचें वेतन, खेळाडूंच्या खरेदीचा वार्षिक हिस्सा व दलालांची फी मिळून होणारा खर्च उत्पन्नाच्या ठराविक प्रमाणांत राहावा. हें प्रमाण आरंभीं शेंकडा ९०, मग ८० आणि २०२५-२६ च्या हंगामापासून ७० असें उतरवीत आणलें गेलें. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबांनींहि नोव्हेंबर २०२५ मध्यें जुना तोट्याचा नियम सोडून २०२६-२७ पासून उत्पन्नाच्या शेंकडा ८५ ही मर्यादा स्वीकारण्याचा ठराव केला.

स्पेनमधील रीत अधिक कडक आहे. तेथें हंगाम सुरू होण्यापूर्वींच प्रत्येक क्लबास खर्चाचा आंकडा नेमून दिला जातो आणि त्यांत न बसणाऱ्या खेळाडूची नोंदणीच होत नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें लिओनेल मेस्सी ह्यास बार्सिलोना क्लब सोडावा लागला, तो ह्याच कारणानें. खेळाडू राहण्यास तयार, क्लब ठेवण्यास तयार, परंतु आंकडा बसेना. इंग्लंडची पद्धति झालेल्या चुकीस मागाहून शिक्षा देते. स्पेनची पद्धति चूक होण्यापूर्वींच दार लावते. जर्मनीची तऱ्हा आणखी निराळी. १९६३ सालीं तेथील बुंडेसलीगा स्थापन झाली, तेव्हांपासून क्लबास दरवर्षीं परवाना घ्यावा लागतो आणि पुढचा हंगाम पुरा पार पडेल इतका पैसा आपणांपाशीं आहे, हें आधीं दाखवावें लागतें. शिवाय काहीं अपवाद वगळतां क्लबाच्या कंपनींत मतांचें बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहिलें पाहिजे, असाहि तेथें दंडक आहे.

ह्या नियमांत एक विवेक आहे, त्याची दखल घेतली पाहिजे. मैदान बांधणें, मुलांना शिकविणारी प्रबोधिनी चालविणें, स्त्रियांचा संघ उभा करणें, ह्यांवरील खर्च तोट्याच्या हिशेबांतून बहुधा वगळतात. रावेर-यावलकडील केळीच्या बागाईतदारानें विहिरीसाठीं व ठिबकाच्या नळ्यांसाठीं कर्ज काढलें, तर त्यास कोणी उधळ्या म्हणत नाहीं. तेंच कर्ज त्यानें वरातीच्या घोड्यावर व फटाक्यांवर उडविलें, तर शेजारी मान हलवितात. दोन्ही ठिकाणीं रक्कम तीच असते, पण एक पुढें पाणी देते आणि दुसरी एका रात्रींत संपते. महागडा खेळाडू हा दुसऱ्या जातीचा खर्च आहे, असें नियम करणारांनीं धरलें आहे.

नियमांवर आक्षेपहि कमी नाहींत. उत्पन्नाच्या प्रमाणांत खर्च करावयाचा, तर ज्याचें उत्पन्न आज मोठें त्यानेंच उद्यां मोठें राहावें, आणि नव्या क्लबानें वर येऊंच नये, असा त्याचा परिणाम होतो, हा आक्षेप खरा आहे. दुसरा भाग पळवाटांचा. मालक आपल्याच दुसऱ्या कंपनीकडून क्लबास फुगविलेल्या रकमेची जाहिरात देऊं शकतो; मग मालकाचा पैसा उत्पन्न म्हणून वहींत उतरतो. म्हणून अशा व्यवहाराची वाजवी किंमत ठरविण्याची तरतूद करावी लागली. मँचेस्टर सिटीवर यूएफानें घातलेली दोन वर्षांची बंदी जुलै २०२० मध्यें क्रीडा-लवादानें रद्द केली आणि तपासास सहकार्य न केल्याबद्दलचा दंड ३ कोटी युरोवरून १ कोटीवर आणला. प्रीमियर लीगनेंहि फेब्रुवारी २०२३ मध्यें ह्या क्लबावर शंभरांहून अधिक नियमभंगांचे आरोप ठेवले, व ते क्लबानें नाकारले. ज्याच्यापाशीं उत्तम वकील व हिशेबनीस आहेत, तो दीर्घकाळ झुंजूं शकतो. लहान क्लबास शिक्षा लौकर होते, ही टीका त्यामुळें वारंवार ऐकूं येते.

आतां आपल्याकडे येऊं. मुंबईस फुटबॉल नवें नाहीं. रोव्हर्स कप ही स्पर्धा तेथें १८९१ पासून सुरू झाली. परंतु गेल्या वीस वर्षांतील आपल्या क्लबांची नांवें पाहिलीं, तर ती एक मृतांची यादी वाटते. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा क्लब २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकला. २०१० सालीं तो बंद करण्यांत आला. पुणें एफ. सी. हा २००७ मध्यें स्थापन झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें दुसरा आला, आणि २०१५ नंतर दिसेनासा झाला. पुण्याचाच भारत एफ. सी. एकच हंगाम, २०१४-१५ चा, खेळला. मुंबई एफ. सी. २०१७ सालीं आय-लीगमधून गळाला व त्यानंतर बंद पडला. इंडियन सुपर लीग २०१४ मध्यें सुरू झाली, तींत पहिल्या हंगामापासून असलेला एफ. सी. पुणें सिटी २०१९ सालीं नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं हैदराबादचा संघ आला. गोव्यांत तर फुटबॉल घराघरांत आहे. तरीहि पांच वेळां राष्ट्रीय विजेता ठरलेला डेंपो, तसेच साळगांवकर व स्पोर्टिंग क्लूब द गोवा हे तिन्ही क्लब २०१६ सालीं आय-लीगमधून बाहेर पडले. सुपर लीगला वरचें स्थान व आय-लीगला खालचें, ही पुढची मांडणी त्यांना मान्य नव्हती. डेंपो पुढें २०२४ मध्यें आय-लीगमध्यें परतला, ही एक समाधानाची गोष्ट.

ह्या क्लबांचा रोग पोर्टस्मथचा आहे काय? तसें दिसत नाहीं. पोर्टस्मथनें मिळकतीपेक्षां अधिक उधळलें. आमच्या क्लबांना मुळांत मिळकतच अत्यल्प होती. तिकिटांचा पैसा मामुली, प्रक्षेपणाच्या हक्कांतून क्लबाकडे येणारी रक्कम थोडी, जाहिरातदार मोजके. सगळा गाडा मालकाच्या दुसऱ्या धंद्यांतील नफ्यावर चाले. मालकाचें मन फिरलें, किंवा त्याच्या मूळ धंद्यास ओहोटी लागली, कीं क्लब संपला. येथें कर्जाचा डोंगर नसतो, प्रशासक येत नाहीं, मोठी बातमी होत नाहीं. एके दिवशीं पत्रक निघतें आणि पंचवीस-तीस खेळाडू, शिक्षक, मैदानाची निगा राखणारे माळी व सराव करणारीं मुलें ह्यांच्या पायाखालची जमीन सरकते.

आपल्याकडेहि खर्चाचे नियम आहेत. इंडियन सुपर लीगमध्यें संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा घातलेली असे. २०१८ नंतरच्या काहीं हंगामांत ती साडेसोळा कोटी रुपयांची होती. आशियाई फुटबॉल महासंघाच्या धर्तीवरची परवानापद्धतिहि आपल्याकडे लागू आहे. २०१४ सालीं तिच्या अटी पुऱ्या न केल्यानें तीन क्लबांना आय-लीगबाहेर काढण्यांत आलें. त्यांत गोव्याचा चर्चिल ब्रदर्स होता, जो वर्षभरापूर्वींच, २०१२-१३ मध्यें, त्या लीगचा विजेता झाला होता. तेव्हां कागदावर दंडक नव्हते असें म्हणतां येणार नाहीं.

परंतु हैदराबादचें उदाहरण पाहा. पुण्याच्या जागीं आलेला हा क्लब २०२१-२२ मध्यें सुपर लीगचा विजेता झाला. दोन वर्षांच्या आंत त्याच्या खेळाडूंचीं वेतनें थकलीं, फिफानें नव्या खेळाडूंच्या नोंदणीस बंदी केली, आणि बहुतेक नामांकित खेळाडू सोडून गेले. २०२५ सालीं क्लबच दिल्लीस हलविण्यांत येऊन त्याचें नांवहि बदललें. हें सर्व घडलें तेव्हां वेतनमर्यादा लागू होतीच. मर्यादा एवढेंच सांगते कीं, अमुक रकमेपेक्षां अधिक देऊं नका. ठरलेली रक्कम देण्याइतका पैसा पेटींत आहे कीं नाहीं, हें ती पाहात नाहीं. गांवच्या यात्रेंत कुस्त्यांच्या दंगलीचें इनाम जाहीर करण्यापूर्वीं पंच वर्गणी मोजून घेतात. इनाम पांच हजारांवर नसावें, एवढाच नियम केला आणि वर्गणी मोजलीच नाहीं, तर जिंकलेला पैलवान रिकाम्या हातानें परत जाईल. आपल्या फुटबॉलमध्यें इनामाची मर्यादा ठरली. वर्गणी मोजण्याचें काम कच्चें राहिलें.

ह्या पोकळपणाची परीक्षा २०२५ मध्यें झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें २०१० सालीं पंधरा वर्षांसाठीं केलेला व्यापारी हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्यें संपावयाचा होता. त्याचें नूतनीकरण होईना, म्हणून जुलैमध्यें सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला. काहीं क्लबांनीं वेतनें थांबविलीं, काहींनीं सराव बंद केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें; नव्या निविदा मागविल्या, तर नोव्हेंबरमध्यें एकहि बोली आली नाहीं. मँचेस्टर सिटी चालविणाऱ्या समूहानें २०१९ सालीं मुंबई सिटी ह्या क्लबांत शेंकडा ६५ हिस्सा घेतला होता. डिसेंबर २०२५ मध्यें त्यानेंहि अंग काढून घेतलें. जानेवारी २०२६ मध्यें, सरकारनें मध्यस्थी केल्यावर, १४ फेब्रुवारीपासून लहान स्वरूपाचा हंगाम घेण्याचें जाहीर झालें. एका करारावर सबंध देशाचा व्यावसायिक खेळ कसा टांगलेला होता, हें ह्या सहा-सात महिन्यांनीं दाखविलें.

ह्यावरून आपल्या परिस्थितीस कोणते नियम शोभतील, ह्याचा अंदाज बांधतां येतो. पहिला नियम हमीचा. क्लबानें हंगामाच्या आरंभीं एकूण वेतनाचा ठराविक भाग बँकेंत स्वतंत्र ठेवावा किंवा तितक्या रकमेची बँकहमी द्यावी. त्याशिवाय खेळाडूंची नोंदणी होऊं नये. जर्मनीच्या परवान्याचें व स्पेनच्या आगाऊ मर्यादेचें सार एवढेंच आहे. दुसरा नियम सूचनेचा. क्लब बंद करावयाचा असेल, तर चालू हंगाम पुरा करून व आधीं सूचना देऊनच करावा, आणि प्रबोधिनींतील मुलांची सोय दुसरीकडे लावून द्यावी. तिसरा नियम सवलतीचा. मैदान, मुलांचें शिक्षण व मुलींचे संघ ह्यांवरील खर्च कोणत्याहि मर्यादेंत धरूं नये. कारण उद्यांचा प्रेक्षक व उद्यांचा खेळाडू तेथूनच यावयाचा आहे. ह्या तिहींनीं उत्पन्न वाढणार नाहीं, हें खरें. तें वाढण्यास वर्षें लागतील; चांगलें प्रक्षेपण, वेळेवर ठरलेलें वेळापत्रक व गांवाशीं जडलेला क्लब ह्यांनींच तें वाढेल. तोंवर निदान दिलेला शब्द पाळला जाईल.

कोणी म्हणेल कीं, देशाच्या पहिल्या श्रेणींत खेळणारा संघ जळगांवांत नाहीं आणि धुळ्यांतहि नाहीं; मग ही चर्चा आपल्या घरांत कशाला? परंतु खेळणारीं मुलें आपल्याकडेहि आहेत. १९६० पासून भरणारी सुब्रोतो कप ही शालेय स्पर्धा तालुका-जिल्ह्यांच्या शाळांपर्यंत पोंचते, आणि एखादा चपळ मुलगा मुंबई-पुण्याच्या किंवा गोव्याच्या संघाच्या नजरेस पडतो. सोळा-सतरा वर्षांचें शिक्षण बाजूस ठेवून त्यास पाठवावें कीं नाहीं, हा निर्णय घरांतच घ्यावा लागतो. त्या वेळीं पालकांना थोडी माहिती असणें अगत्याचें आहे.

करार लेखी असावा, त्याची एक प्रत घरीं असावी, आणि मुलाची नोंद महासंघाच्या मध्यवर्ती नोंदणींत झाली आहे हें पाहून घ्यावें. नोंदणी नसेल, तर तक्रारीस आधार राहात नाहीं. वेतन कोणत्या तारखेस, दुखापतीचा खर्च कोणी सोसावयाचा, राहण्याजेवणाची सोय कोणाची, हे प्रश्न संकोच न करतां विचारावेत. क्लबाचें मागील हंगामाचें वेतन थकलेलें आहे काय, ह्याची चौकशी त्याच्या जुन्या खेळाडूंकडे करावी. फिफाच्या नियमाप्रमाणें निदान दोन महिन्यांचें वेतन थकलें, तर खेळाडूनें लेखी मागणी करून क्लबास किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावयाची असते. तेवढ्यांत पैसे न आल्यास रास्त कारणानें करार संपविण्याचा हक्क त्यास प्राप्त होतो. हा हक्क अनेकांना ठाऊकच नसतो, म्हणून सहा-सहा महिने आशेवर निघून जातात.

गांवांतील लहान क्रीडामंडळांनींहि एक गोष्ट करावी. वयाच्या बाराव्या वर्षापासून खेळाडू कोठें कोठें शिकला, त्याच्या नोंदीवर फिफा शिक्षण देणाऱ्या क्लबांचा वांटा ठरविते. खेळाडू पुढें एका देशांतून दुसऱ्या देशांत मोठ्या रकमेस गेला, तर त्या रकमेचा शेंकडा ५ पर्यंतचा भाग त्यास तेवीस वर्षांपर्यंत घडविणाऱ्या क्लबांत वांटला जातो. मंडळ जिल्हा-संघटनेशीं संलग्न असेल आणि मुलांच्या नोंदी वेळेवर झाल्या असतील, तरच हा वांटा मागतां येतो. असा प्रसंग क्वचित्‌च येईल. परंतु वही नीट ठेवण्यास खर्च येत नाहीं.

वीस कोटींचा खेळाडू आणि महिना वीस हजारांवर करारबद्ध झालेला चाळीसगांवचा किंवा शिरपूरचा एखादा मुलगा, दोघांचेंहि नांव क्लबाच्या एकाच वहींत असतें. क्लब संकटांत आला म्हणजे पहिल्यास दुसरा क्लब लगेच उचलतो. दुसरा मुलगा परतीचें भाडें खिशांत आहे कीं नाहीं तें पाहात बसतो. खर्चाचा कोणताहि नियम योग्य आहे कीं नाहीं हें ठरवितांना ह्या दुसऱ्या मुलाचें वेतन त्या नियमानें सुरक्षित होतें काय, एवढें विचारावें. आपल्याकडे आजवर झालेले नियम ह्या कसोटीस पुरे उतरलेले नाहींत, आणि नव्यानें होणाऱ्या व्यवस्थेकडे क्रीडाप्रेमी कुटुंबांनीं ह्याच दृष्टीनें पाहावें, असें मला सुचवावयाचें आहे.